आठ जर्मन कपॅसिटर

विगोचा अ‍ॅम्प्लिफायर गेले आठ दिवस अखंड चालू होता, आणि आठ दिवस अग्नेटेने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. नवे सुटे भाग बसवले की त्यांना दोनशे तास वाजवत ठेवावे लागते, त्याशिवाय त्यांचा खरा आवाज मोकळा होत नाही, असे विगोचे शास्त्र होते. त्यामुळे तो दातांच्या डॉक्टरकडे गेला, बंदरावर मासे आणायला गेला, झोपायला गेला, तरी कोपऱ्यातल्या खोलीत रिकाम्या खुर्चीसमोर हळू आवाजात व्हायोलिने चालूच. अग्नेटे बटाटे सोलता सोलता ऐकायची. तिच्या मते आवाज पहिल्या दिवशी होता तसाच आठव्या दिवशी होता. पण तिला कोणी विचारले नव्हते.

नवव्या दिवशी सकाळी विगो खुर्चीत बसला, एक अख्खी रेकॉर्ड डोळे मिटून ऐकली आणि उठून अ‍ॅम्प्लिफायर बंद केला.

"काय?" अग्नेटेने दारातून विचारले.

"टोचतो," तो म्हणाला. "अजून टोचतो."

लेमवी गावाच्या बंदरासमोरच्या या फ्लॅटमध्ये ते फेब्रुवारीत राहायला आले, तेव्हापासून हे टोचणे सुरू होते. त्याआधी तीस वर्षे ती दोघे गावाबाहेरच्या एका जुन्या शेतघरात राहिली होती. तिथे विगोचा आवाज म्हणजे, त्याच्या यंत्रांचा आवाज, आसपासच्या पन्नास किलोमीटरमध्ये नावाजलेला होता. टेलिफोन खात्यात उभी हयात गेलेली, हात सोन्याचे. अ‍ॅम्प्लिफायर उघडायचा, कंपनीने बसवलेले, वीज साठवणारे डबीसारखे कपॅसिटर उपटून काढायचे, त्यांच्या जागी स्वतः पारखलेले लावायचे, तारा बदलायच्या, स्पीकरखाली संगमरवराच्या फरशा सरकवायच्या, हा त्याचा छंद. स्वतःचे यंत्र झाले की मित्रांची. गुरुवारच्या मंडळातल्या सगळ्यांच्या घरी विगोच्या हातचा डाख होता.

हे मंडळ म्हणजे विगो धरून सहा जण, सगळे सत्तरीच्या अलीकडचे-पलीकडचे. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कुणा एकाच्या घरी जमायचे आणि तीन रेकॉर्डी ऐकायच्या. यजमानाने काय बदलले आहे ते आधी सांगायचे नाही आणि तिसरी रेकॉर्ड संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचे नाही. मग कॉफी, केक आणि निकाल. निकाल फार थोड्या शब्दांत लागायचा, कारण त्यांच्या त्या पश्चिम जटलंड भागातल्या माणसांना कौतुक करणे जिवावर येते. 'बरं आहे' म्हणजे ठीक आहे. 'वाईट नाही' म्हणजे डोळ्यांत पाणी यायचे तेवढे राहिले. जुन्या घरात विगोला दर वेळी 'वाईट नाही' मिळायचे.

मार्चमध्ये मंडळ पहिल्यांदा नव्या फ्लॅटवर आले. तीन रेकॉर्डी झाल्या. निकालाची वेळ आली. मग डेअरीतून निवृत्त झालेला थोरकिल म्हणाला, "केक छान झालाय, अग्नेटे." विगोचा चेहरा उतरला तो तेव्हापासून.

पाळी बदलून मागून त्याने मेचा पहिला गुरुवार पुन्हा आपल्याच घरी घेतला होता. त्याआधी काहीतरी करायलाच हवे होते. म्हणून आधी तारा बदलून झाल्या, मग फरशा, मग कपॅसिटर, मग ते आठ दिवस.

आता अग्नेटेबद्दल. तिची कहाणी थोडक्यात सांगता येते, कारण ती सांगायला कुणी सवडच दिली नव्हती. अग्नेटे विणायची. जुन्या घरातल्या मोठ्या खोलीत एका टोकाला विगोचे स्पीकर, मध्ये त्याची खुर्ची, आणि खुर्चीमागची अख्खी भिंत तिच्या लोकरीची. जमिनीपासून छतापर्यंत उघडी फडताळे, त्यांत लडीच लडी. कांद्याच्या सालींनी पिवळ्या केलेल्या, बर्चच्या पानांनी हिरव्या केलेल्या, तीस वर्षांत साठत गेलेल्या. फडताळांशेजारी तिचा माग. त्यावर तिने गालिचे विणले, घोंगड्या विणल्या, चर्चच्या वेदीसमोरचा पट्टा विणला.

संध्याकाळी विगोने रेकॉर्डवर सुई टेकवली की ती हात थांबवायची. फणीचा ठोका संगीताच्या मध्ये येऊ नये म्हणून. असे कुणी ठरवले नव्हते, पहिल्या वर्षीच कधीतरी तसे अंगवळणी पडून गेले. हात मांडीवर ठेवून ती बसायची. विगो मधूनच मागे वळून हसायचा.

फ्लॅटमध्ये जादा खोली एकच. तिथे एक तर माग मावत होता, नाहीतर खुर्ची आणि स्पीकर. जागा बघायला आले त्या दिवशी तीच म्हणाली होती, "तू घे ही खोली." मनात होते, की तो म्हणेल, छे, छे, असं कसं. विगो म्हणाला, "बरं होईल, थँक यू." तेही लगेच. ते 'लगेच' तिला अजून आठवत होते.

माग सुटा करून जुन्या घराच्या कोठारात ठेवला गेला. लोकर अकरा गोण्यांत भरून फ्लॅटच्या तळघरात आली. घर विकत घेणारा येप्पे हा तरुण माणूस, स्वभावाने चांगला. पण त्यालाही कोठार हवे होते. एप्रिलमध्ये त्याने फोन केला.

"अग्नेटे, मी घाई नाही करत. पण मेअखेरच्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत माग ने हं. मला वासरं बांधायची आहेत तिथं. नाहीतर स्काउटवाले जुना बाजार भरवतात, त्यांना देऊन टाकू का?"

"कळवते," ती म्हणाली. विगोला तिने हे सांगितले नाही. सांगून काय, खोली तर एकच होती.

*

विगोने शेवटी नाक मुठीत धरून आयविनला बोलावले. आयविन मंडळातलाच, पण मंडळात राहून पाखंडी. श्रवणयंत्रांच्या कारखान्यात मोजमापाच्या खोलीत त्याने तीस वर्षे काढली होती, आणि आकडा दिसल्याशिवाय तो आपल्या बायकोच्या तापावरही विश्वास ठेवत नसे. तो एका हातात मायक्रोफोनची पेटी आणि दुसऱ्या हातात एक जुना अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला.

"मायक्रोफोनला कान नसतात," विगो म्हणाला. हे तो वीस वर्षे म्हणत होता.

"नसतात म्हणूनच त्याला कुणाची भीड पडत नाही," आयविन म्हणाला. "तू जा बघू जरा. केस कापून ये. तू बसलास की मला मोजता येत नाही."

विगो गेला. अग्नेटे स्वयंपाकघरात होती. खोलीतून एकसुरी शिट्ट्या, मग भुरभुर पाऊस पडल्यासारखा आवाज, पुन्हा शिट्ट्या असे अर्धा-पाऊण तास चालले. मग एकदम टाळी वाजली. आयविनने हाक मारली, "अग्नेटे, इकडे ये. ऐक."

तो खोलीच्या मधोमध उभा होता. त्याने पुन्हा टाळी वाजवली. टाळी भिंतीवर गेली, समोरच्या भिंतीवर आली, परत गेली. रिकाम्या डब्यात चमचा पडावा तसे काहीतरी घणघणले.

"अगं, जुन्या घरात खुर्चीमागे काय होतं?"

"माझी लोकर."

"किती?"

"किती म्हणजे? भिंतभर. तीस वर्षांची."

आयविनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग झालं," तो म्हणाला.

"काय झालं? सरळ बोल की."

"सरळच सांगतो. हा विगोचा अ‍ॅम्प्लिफायर. हा दुसरा माझ्या मुलाच्या माळ्यावर पडून होता, त्याच कंपनीचा, त्याच सालचा. याला आजवर कुणी स्क्रू ड्रायव्हर लावलेला नाही. दोन्ही मोजले. दोघांच्या रेषा एकमेकींवर अशा बसतात, की दुसरी दिसतच नाही."

"म्हणजे त्याचं तीस वर्षांचं काम?"

"काम सुबक आहे. डाख असे दिलेत, की सोनाराला लाज वाटेल. पण आवाजात फरक नाही." त्याने खुर्चीमागच्या मोकळ्या भिंतीकडे बोट दाखवले. "त्या घरात आम्ही सगळे जो आवाज ऐकत होतो ना, तो तुझ्या लोकरीचा होता. लोकर आवाज शोषून घेते. भिंतीवरून उलटून येतो तो टोचरा भाग तिथं नाहीसा व्हायचा."

अग्नेटे विगोच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती कधी बसत नसे. आधी तिला हसू आले. तीस वर्षे मिळालेली सगळी 'वाईट नाही' तिची होती, आणि ती मात्र त्या बदल्यात केक करत बसली होती! मग हसू गेले.

"सांगू त्याला?" आयविनने विचारले.

"सांगितलंस तर काय होईल?"

"ते मला मोजता येत नाही." आयविन केबल गुंडाळू लागला. मग मान वर न करताच म्हणाला, "एक्याण्णव साली त्यानं माझाही अ‍ॅम्प्लिफायर उघडला होता. मी घरी नेऊन त्याच दिवशी मोजला. तसूभर फरक नव्हता. तरी मला तो जास्त आवडायला लागला. अजून आवडतो. हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही."

"मग मला कशाला सांगतोस?"

"तू विणतेस. तुला मोजमाप कळतं."

बाहेर जिन्यावर पावले वाजली. "तू काही बोलू नकोस," अग्नेटे घाईने म्हणाली. "मी बघते."

विगो आत आला. न्हाव्याने केस फारच बारीक कापले होते, त्यामुळे कान आणखी मोठे दिसत होते. "काय म्हणतोय तुझा बहिरा दोस्त?" त्याने मायक्रोफोनकडे बघत विचारले.

"यंत्र ठणठणीत आहे," आयविन म्हणाला. "माझ्या मायक्रोफोनला काही दोष दिसत नाही."

"दिसणार नाहीच. मग आता पुन्हा कपॅसिटर," विगो म्हणाला. "जर्मन मागवतो. आठ."

*

पुढचे दोन-तीन दिवस अग्नेटेच्या जिवाला चैन नव्हती. एका वाक्याचे काम होते. विगो, तो आवाज तुझ्या कपॅसिटरचा नव्हता, माझ्या लोकरीचा होता. एवढे म्हटले की लोकर वर, लोकरीमागोमाग माग वर, आणि येप्पेची वासरे कोठारात सुखाने. शिवाय ते खरे होते. खरे बोलायला कुणाची चोरी नव्हती.

शुक्रवारी न्याहारीच्या वेळी ती बोलणारच होती. राईच्या पावावर लोणी लावता लावता तिने तोंड उघडले, तेवढ्यात विगो म्हणाला, "हे शेवटचे."

"काय शेवटचे?"

"आज येतायत ते. पोस्टाचा निरोप आला. यांनी जमलं नाही, तर मी गुरुवारी सांगून टाकणार सगळ्यांना."

"काय सांगणार?"

"की माझे कान गेले. यंत्र ठणठणीत आहे असं आयविनही म्हणतो. म्हणजे मीच उरलो. इतरांची यंत्रं मी हातात घेणं बरं नाही आता." त्याने हे अगदी साध्या आवाजात सांगितले, पाव खाता खाता. त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती. दोन आठवड्यांपूर्वी डाख देताना भाजले होते. अशी पट्टी नसलेला त्याचा हात तिने चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात फार कमी वेळा पाहिला होता.

खरे सांगायचे तर तिला त्याचा राग येत होता, आणि त्या रागाच्या पोटात कीव होती. दोन्ही एकदम दाटून आल्यावर माणूस जे करतो ते तिने केले. उठून भांडी घासली. आणि भांडी घासता घासता तिने ठरवले, की वाक्य बोलायचे नाही. लोकर मात्र वर आणायची. जर्मन कपॅसिटर बसतील, लोकर मागे असेल, आवाज परत येईल, विगोचे नाव राहील. मागाचे काय, हा विचार तिने तिथेच थांबवला.

"विगो," ती पाठमोरीच म्हणाली, "तळघरात ओल आहे. लोकरीला कसर लागेल. थोडे दिवस तुझ्या खोलीत ठेवते. मागच्या भिंतीला. चालेल?"

"चालेल की," विगो म्हणाला.

अकरा गोण्या लिफ्टमधून वर यायला सगळी दुपार गेली. विगो लिफ्टचे दार धरून उभा राहायचा. दोन गोण्या भिंतीशी रिकाम्या करून, लडी ढिगाने रचून ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली, तेव्हा खोलीतून एकदा टाळी वाजल्यासारखे झाले. कसर मारली असेल, असे तिला वाटले. परत गेली तर विगो कमरेवर हात ठेवून लोकरीकडे बघत उभा होता.

"असं जमिनीवर नको," तो म्हणाला. "जुनी फडताळं खाली आहेत ना? लावायची तर नीट लावू."

आणि त्याने ती लावली. पाणसळ धरून, एक-एक फळी तपासून, छतापर्यंत. एवढे कष्ट थोड्या दिवसांसाठी कशाला, हे तिच्या लक्षात यायला हवे होते. ते आले नाही. त्या आठवड्यात विगो दार लावून खोलीत बसायचा, पण डाख देताना येणारा राळेचा वास घरात पसरला नाही. आणि दोनशे तासांचे वाजवणेही झाले नाही, खोली गप्पच होती. तेही तिच्या लक्षात आले नाही. ती मनात स्वतःच्या थोरपणाशी बोलत होती, आणि तसे बोलणे चालू असले की माणसाला शेजारचे दिसत नाही.

*

गुरुवारी साडेसातला मंडळ आले. मेमधला उजेड होता, समोर लिमफ्योर खाडीचे पाणी चमकत होते. अग्नेटेने र्‍हुबार्बच्या आंबट देठांचा केक केला होता. ती दारातल्या स्टुलावर बसली.

सगळ्यांत थोराड बेंट आत शिरला आणि थबकला. "हे काय रे? बायकोनं दुकान थाटलंय का इथं?"

"तळघरात ओल आहे," विगो म्हणाला.

"हां, मग बरोबर," बेंट म्हणाला, आणि भिंतभर लोकरीला पाठ करून बसला. सगळेच तिला पाठ करून बसले. स्पीकर समोर होते ना.

पहिली रेकॉर्ड चेलोची, दुसरी चर्चमधल्या गायकांची, तिसरी पियानोची. अग्नेटेला संगीतातले फार कळत नसे, पण खोली कळत होती. पियानोचा प्रत्येक स्वर जिथे सुटायचा तिथेच विरायचा, मागून कुणी ओरबाडत नव्हते. सुई उचलली गेली.

"हं," थोरकिल म्हणाला.

"वाईट नाही," बेंट म्हणाला. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाला, "खरंच वाईट नाही." एकाच माणसाने दोनदा म्हटल्याचे मंडळाच्या आठवणीत नव्हते.

"आता सांग," थोरकिल म्हणाला. "काय बदललंस?"

अग्नेटे कॉफीचे भांडे घेऊन उभी होती. छताला भिडलेली पिवळी-हिरवी भिंत त्यांच्या मानेला टेकली होती आणि काय बदलले म्हणून विचारत होते! आयविन तेवढा आपल्या रिकाम्या कपात बघत होता.

"कपॅसिटर," विगो म्हणाला. "आठ. जर्मन."

"वाटलंच मला," बेंट म्हणाला. "खालचे स्वर ऐकले तेव्हाच वाटलं."

"माझ्यातही घाल तेच," थोरकिल म्हणाला. "उद्या आणून देतो."

"तुझ्याला गरज नाही. तुझ्यात आहेत तेच उत्तम आहेत. हात लावू नकोस."

अग्नेटेने सगळ्यांच्या कपांत कॉफी ओतली. हे सगळे तिनेच घडवून आणले होते, ठरवले होते तसेच झाले होते. तरी आत कुठेतरी टोचले. एकाने तरी मागे वळून बघावे, एवढीच तिची अपेक्षा होती. जाताना थोरकिलने केकची स्तुती केली नाही, म्हणजे त्याला संध्याकाळ खरोखर आवडली होती.

*

सकाळी केकच्या डब्याला बांधायला दोरी हवी होती. विगोच्या हत्यारांच्या ड्रॉवरमध्ये तिने हात घातला. कात्रीखाली एक जाड पाकीट होते. जर्मन तिकिटे, पोस्टाचा शिक्का, आणि चिकटपट्टी जशीच्या तशी. तिने पाकीट चाचपले. आत पावट्याएवढाल्या गोष्टी हाताला लागत होत्या. तिने मोजल्या. आठ.

विगो खिडकीपाशी कॉफी पीत होता. तिने पाकीट त्याच्या कपाशेजारी ठेवले.

त्याने पाकिटाकडे पाहिले, मग बाहेर बंदराकडे. "आयविन बोलला का?"

"आयविन बोलला नाही. तूच ठेवलंस ते कात्रीखाली."

"दोन गोण्या रिकाम्या झाल्या, तेव्हा मी टाळी वाजवून पाहिली," विगो म्हणाला. "आयविन वाजवतो तशी. टेलिफोनचा माणूस आहे मी, दगड नाही. मला कळलं."

"कसर मारतोयस असं वाटलं मला."

"लोकरीत कसर नाहीच. तळघर कोरडं ठाक आहे. तेही मला माहीत आहे."

"मग काल जर्मन कपॅसिटर कशाला म्हणालास?"

"काय म्हणणार?" त्याचा आवाज चढला, मग उतरला. "सगळ्यांच्या घरी माझा डाख आहे, अग्नेटे. बेंट दर रविवारी त्याच्या बायकोच्या, कारीनच्या फोटोसमोर बसून ऐकतो. ती गेल्यावर मी त्याचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून दिला, तेव्हा म्हणाला, आता घर पुन्हा घर वाटतं. त्याला सांगू, की तुझ्या पेटीत मी काही केलंच नव्हतं? मला स्वतःला सांगायला मी तयार आहे. गेला आठवडाभर सांगतोच आहे."

अग्नेटेला हे पटले. बेंटसाठी तीही हेच बोलली असती. पण पटले म्हणून टोचायचे थांबले नाही.

"आणि मी?" तिने विचारले.

"तू काय?"

"सगळ्यांना सांभाळलंस. बेंटला, थोरकिलला. माझं कोण?" ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "जुन्या घरात तू सुई टेकवलीस की मी हात थांबवायची. तू वळून हसायचास माझ्याकडे. तुला काय वाटायचं, मी काय करतेय?"

"ऐकतेयस," विगो म्हणाला. "माझ्याबरोबर."

"मी थांबलेली असायची, विगो. कधी संपतंय त्याची वाट बघत."

विगोने कप खाली ठेवला. तो हलकेच ठेवायला गेला, तरी बशीवर आवाज झालाच.

"रोज?"

"रोज."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. असल्या डब्यांना तू दोनशे तास देतोस. मला एकदा विचारायला किती वेळ लागला असता?" तिने ते पाकीट बोटाने पुढे सरकवले. "माग पेंटेकॉस्टला स्काउटच्या बाजारात जाणार आहे. येप्पेचा फोन आला होता. तेही तुला सांगितलं नाही. सांगून खोली वाढणार होती का?"

ज्या कानांवर पन्नास किलोमीटरमध्ये सगळ्यांचा भरवसा होता, त्या कानांनी पाठीमागे तीन हातांवर बसलेल्या बाईचे थांबणे कधी ऐकले नव्हते. हे त्याला कळत होते, ते त्याच्या तोंडावर दिसत होते, आणि अग्नेटेला ते बघवत नव्हते. तरी ती उठून त्याच्या मदतीला गेली नाही. एवढे तरी त्याने एकट्याने ऐकावे, असे तिला वाटले.

मग तो उठून बाहेरच्या पॅसेजमध्ये गेला. फोनचा आवाज आला. "येप्पे? विगो बोलतोय. माग. हो, मागच. कुणाला देऊ नकोस. उद्या येतो ट्रेलर घेऊन."

*

शनिवारी आयविनच्या गाडीमागे ट्रेलर लावून माग आला. खोलीत तो खुर्चीसकट मावणार नव्हता, हे सगळ्यांना दिसत होते. आयविनने पट्टीने मोजून तसे सांगितलेही, कारण सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. विगोने खुर्ची उचलली आणि झोपायच्या खोलीत नेऊन ठेवली. तिच्यावर आता धुतलेले कपडे पडतात. स्पीकर भिंतीला चिकटवून उभे केले, खालच्या संगमरवराच्या फरशा अग्नेटेने मागाच्या पायांखाली मागून घेतल्या. त्याने माग एकदम घट्ट उभा राहिला. फरशांचा तेवढा उपयोग झाला.

माग जोडायला, ताणा लावायला दोन आठवडे गेले. विगो खाली बसून दोऱ्या धरायचा. एकेक धागा त्याच्या बोटांतून सोडताना त्याला घाई नसे. डाख देणाऱ्याचा हात तिथे बरोबर कामाला आला.

पेंटेकॉस्टच्या आदल्या संध्याकाळी पहिला धोटा फिरला. जेवण झाल्यावर अग्नेटे मागावर बसली आणि विणू लागली. पिवळी लोकर, पायपट्टी, फणी. पायपट्टी, फणी. ठोका खालच्या मजल्यापर्यंत जात असेल, पण आठ दिवस व्हायोलिने ऐकून घेणाऱ्या शेजाऱ्यांना हे काहीच नव्हते.

विगो स्वयंपाकघरातले स्टूल घेऊन आला. माग आणि दार यांच्यामधल्या फटीत ते कसेबसे बसले. त्याने पियानोची रेकॉर्ड काढली, बाहीने पुसली, फिरत्या तबकडीवर ठेवली आणि सुई उचलली.

अग्नेटेचे हात आपोआप थांबले. तिने ठरवून थांबवले नव्हते. तीस वर्षांची सवय, ती हातांतच राहते. हात मांडीवर आले आणि ती बसून राहिली.

सुई खाली आली नाही. तिने मान वळवून पाहिले. विगो रेकॉर्डवर वाकून, सुई अधांतरी धरून उभा होता.

"काय झालं?" तिने विचारले. "लाव की."

"तू आधी सुरू कर," विगो म्हणाला. "मी थांबतो."

तिने एकदा त्याच्याकडे नीट बघून घेतले. मग धोटा फेकला आणि फणी ओढली. एक ठोका, दोन, तीन. ठोके एका लयीत पडू लागले, तेव्हा कुठे त्याने सुई खाली टेकवली.